बूट घालून झोपणारी बाई

आमच्या वहिनीचा मार न खाता मधल्या निवाऱ्यावरून पुढे गेलेला माणूस कुणी मला दाखवावा, मी त्याची सॅक पाठीवर घेऊन डोंगर चढेन.

मार म्हणजे दर वेळी कानाखालीच असं नाही. कुणाला पाठीत धपाटा, कुणाच्या बोटांवर पळी, कुणाला नुसता शब्दांचा. पण काही ना काही पडतंच.

डोंगर कधीच न चढलेल्यांसाठी आमच्याकडे एक वाट आखून ठेवलेली आहे. पायथ्याशी खालचा निवारा, मग मधला, मग खिंडीतला वरचा, आणि पलीकडे उतार. एका निवाऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं, मुक्काम करायचा, सकाळी पुढे निघायचं. तंबू नको, भांडी नकोत. प्रत्येक मुक्कामाला छप्पर, गादी आणि गरम सूप तयार असतं. एवढं ऐकलं की लोक लग्नाला निघाल्यासारखे निघतात. खालच्या निवाऱ्यावर त्यांचे फोटो काढून होतात. मधल्याच्या दारात वहिनी उभी असते.

"बूट काढ!"

या नाही, बसा नाही, पाणी हवं का नाही. समोर साठीचा गृहस्थ असो की कॉलेजातली पोरगी, वहिनीचा पहिला शब्द बूट. निवाऱ्याला एक बाहेरची खोली असते. तिथे भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर बूट, कोपऱ्यात काठ्या आणि बर्फ फोडायच्या कुदळी. आत जाताना पायात लोकरी सपाता घालायच्या, त्या निवाऱ्याच्याच. डोंगरावर सगळीकडे हाच नियम. चिखल आत येऊ नये हे झालं सांगायचं कारण. खरं कारण जुने लोक वेगळंच सांगायचे. दमलेली, भुकेली माणसं एका खोलीत कोंडली की एकमेकांच्या उरावर बसतात, तेव्हा लोखंड आणि टाचा बाहेर असलेल्या बऱ्या. दुसरा नियम त्याहून जुना. हवा बिघडलेली असताना दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. मग तो चोर असो, वैरी असो.

वहिनी दोन्ही नियम पाळायची आणि पाळायला लावायची. एक माणूस बूट घालून गादीवर आडवा झाला, तर तिनं त्याला पायाला धरून जिन्यावरून खाली ओढलं होतं. डोकं पायऱ्यांवर आपटत होतं आणि ती पायऱ्या मळवल्याबद्दल त्यालाच शिव्या घालत होती.

आणि स्वतः? स्वतः बूट घालून फिरायची. स्वयंपाकघरात बूट, गाद्या झटकताना बूट. मी खेचरं हाकतो, वर सामान पोचवतो, माझा मुक्काम तिच्या शेगडीशेजारी असतो. मी पाहिलेलं आहे, ती झोपायची तीही बूट घालून, नाड्या आवळून. कुणी नवशिक्यानं दात काढून विचारलंच, "आणि तुमचे हो?" तर म्हणायची, "माझे पाय माझ्याकडे राहू देत. तू तुझे सांभाळ."

संध्याकाळी ती सगळ्यांच्या सॅका पालथ्या घालायची. जे लागणार नाही ते दाराबाहेर भिरकवायची. एकाच्या सॅकमधून कपड्यांची इस्त्री निघाली. तिथे वीज नाही हे त्याच्या गावीही नव्हतं. वहिनीनं इस्त्री उचलून त्याच्या नाकासमोर धरली. "खाली नेऊन ठेव. नाहीतर तुझ्या तोंडावरून फिरवीन, सगळ्या सुरकुत्या जातील." मग फोडांची पाळी. मी खेचराला नाल ठोकताना पाय जसा काखेत धरतो तसा ती माणसाचा पाय धरायची, दाभण तापवून फोड फोडायची आणि किंचाळलं की वरून एक चापटी द्यायची. एकदा धुक्यात फोटो काढायला निघालेल्या माणसाच्या कपाळावर तिनं पळी हाणली. टेंगूळ आलं. त्यानं तक्रार केली, निवारे चालवणाऱ्या मंडळानं तिला तंबी दिली. धुकं पाच मिनिटांत विरलं होतं, बाहेर काहीच धोका नव्हता. म्हणजे चूक तिचीच. पण माफी मागेल ती वहिनी कसली.

वाटाडे तिला जमदग्नी म्हणायचे. मला राग यायचा. जमदग्नी जन्मापासून जमदग्नी असेल. हिला तसं कुणी केलं ते मला ठाऊक होतं, कारण तो माझा सख्खा भाऊ.

थोरला पेशानं वाटाड्या होता. नवशिक्यांना डोंगर दाखवावा तर त्यानंच. घामाघूम झालेल्या बाईची सॅक न मागता उचलायचा. कुणाच्या बुटाची नाडी सुटली तर गुडघ्यावर बसून बांधायचा. "हळू चला, डोंगर कुठं पळून चाललाय?" असं म्हणायचा आणि लोक विरघळायचे. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ना, त्या पोटातले पाय आम्हाला घरी दिसायचे.

आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत आई आणि मी, दुसरीत थोरला, वहिनी आणि त्यांची पोर. मधली भिंत पातळ. पलीकडे सुरू झालं की आई रेडिओ मोठा करायची. "पायातली वहाण पायातच बरी," म्हणायची आणि भाजी निवडत राहायची. मी मधे पडायचो. दोनदा जिन्यावरून खाली आलो, एकदा माझी बरगडी गेली. वहिनी काही मुकाट मार खाणारी नव्हती, हाताला येईल ते हाणायची. पण थोरला सहा फुटी, पाय होडीएवढे, हाडापेरानं रेडा.

एकदा थर्मासचं झाकण नीट बसलं नव्हतं म्हणून वाटेत चहा सांडून कुणा पाहुणीचा स्कार्फ भिजला. पाहुणीला यानं हसत हसत स्वतःचा मफलर काढून दिला. घरी आला आणि झाकण कुणी लावलं होतं एवढंच विचारून कुदळीच्या दांड्यानं वहिनीचं मनगट मोडलं. भिंतीपलीकडे मला तो आवाज ऐकू आला. वाळकी काटकी मोडल्याचा असतो तसाच होता.

आणि आणखी एक. डोंगरावर चार-पाच दिवसांसाठी निघाला की तो वहिनीच्या चपला, बूट, सगळं पेटीत घालून कुलूप लावून जायचा. किल्ली गळ्यात. आमच्या गावात रस्ते सगळे खडीचे, वर्षातले सहा महिने बर्फ. अनवाणी बाई जाणार कुठे? शेजारच्या बायका विचारायच्या, तुझी सून घराबाहेर पडत नाही ती? आई सांगायची, तिला घराची ओढ फार.

एका सकाळी पोरीच्या हातून कप फुटला. पोर चार-पाच वर्षांची असेल. झाडावर सरसर चढायची म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. थोरल्यानं तिचा हात धरून तापलेल्या शेगडीवर नेला. टेकवला नव्हता अजून, नुसता जवळ धरला होता आणि हसत विचारत होता, पुन्हा फोडशील? वहिनीनं शेगडीतलं जळतं लाकूड उपसलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. एकदा नाही. तो पडला तरी मारत होती. त्याची डावी भुवई तेव्हा गेली ती पुन्हा उगवली नाही.

मग ती पोरीला पाठीला बांधून निघाली. पेटी फोडायला वेळ नव्हता. अनवाणी निघाली, खडीवरून, मग दगडांवरून, मग बर्फावरून. मी खेचर घेऊन मागून धावलो तेव्हा वाटेवर मला तिची पावलं लाल दिसत होती. मधल्या निवाऱ्याच्या दारातच ती मला सापडली. तिथला म्हातारा राखणदार तिच्या पायातून दगडाच्या कपच्या उपटत होता. त्यानं तिला आपले जुने बूट दिले, आत दोन जोड मोजे कोंबून. म्हाताऱ्याच्या मागे निवारा तिनं चालवायला घेतला. बूट पुढे बदलले असतील, पण पायातून निघाले नाहीत.

थोरल्यानं पुढे एका हमालाला पाहुण्यांच्या देखत बदडून काढलं, तेव्हा मंडळानं त्याचं वाटाड्याचं काम काढून घेतलं. तो कुठेतरी दूर निघून गेला. वर्षं गेली. आई गेली. खारू सोळा वर्षांची झाली आणि दोरा सुईत जावा तशी त्या डोंगरात फिरायला लागली. मग थोरला परत आला. भेटला तो मिठी मारून, आणि कानात म्हणाला, "पोरगी माझी आहे. बरोबर नेणार. तिच्या आईला सांग, आडवी आली तर या खेपेला मनगटावर भागणार नाही."

मी वर जाऊन जसंच्या तसं सांगितलं. वहिनी बटाटे सोलत होती. सुरी थांबली नाही.

"येऊ दे," म्हणाली. "मी कुठं पळालेय?"

तो आला मोसमाच्या शेवटच्या खेपेला.

मी त्या दिवशी वरच होतो, गाद्या बांधायला. दुपारपासून आकाश काळं झालं होतं आणि मग गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा मार की शेजारी बोललेलं ऐकू येईना. एवढ्यात दार वाजलं. नवशिक्यांची एक टोळी, भिजलेली, थरथरणारी. पुढे एक रिटायर बँकवाले, मागे एक जाडजूड तरुण ज्याला बाकीचे पैलवान म्हणत होते, मग एक मास्तरीणबाई आणि आणखी चौघं-पाच जण. त्यांचा वाटाड्या पोट बिघडून खालच्याच निवाऱ्यावर राहिला होता. "पण देवासारखा माणूस भेटला हो," मास्तरीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "आमच्या तीन सॅका एकट्यानं आणल्या."

देवासारखा माणूस त्यांच्या मागून दारात आला. डावी भुवई नाही.

मला वाटलं, आता दार आपटेल. वहिनीचा हात दारावरच होता. समोर तो, त्याच्या मागे गारा. पण हवा बिघडली होती आणि नियम म्हणजे नियम.

"बूट काढ," ती म्हणाली.

आणि इथंच थोरला चुकला. डोंगरात जन्म गेलेला माणूसच ही चूक करू शकतो. हात उगारायला आला होता, पोर उचलून न्यायला आला होता, पण निवाऱ्याच्या दारात ते शब्द कानावर पडले आणि तो सवयीनं खाली वाकला आणि नाड्या सोडायला लागला. कुदळ कोपऱ्यात ठेवली. बूट फळीवर ठेवले. सपाता घालून आत आला आणि शेगडीपाशी हात शेकत बसला.

सूप वाढून झालं. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं, अगदी मधाळ आवाजात. "ही माझी बायको. रागावून आलीय माहेरी आल्यासारखी. मी एवढंच म्हणतो, पोरीला सकाळी घेऊन जातो, चार दिवस बापाकडे राहू दे. बापाला हक्क नाही का? तुम्हीच सांगा."

"बाप आहे ते, ताई," मास्तरीणबाई म्हणाल्या.

बँकवाले म्हणाले, "भांड्याला भांडं लागतंच. पोरांना मधे ओढू नये."

खारू जिन्यात उभी होती. "मी नाही जाणार," ती म्हणाली.

"लहान आहे, कळत नाही तिला," थोरला हसला आणि तिच्याकडे बघून त्यानं शेगडीच्या लोखंडावर तळहात हळूच फिरवला. बाकी कुणाला त्यातलं काही कळलं नाही. खारूचा चेहरा पांढरा पडला. पोर विसरली नव्हती.

वहिनी उठली. बाहेरच्या खोलीत गेली आणि त्याचे बूट घेऊन आली. शेगडीचं झाकण उघडलं, एक बूट आत घातला, सळीनं दाबला, मग दुसरा.

"तुला बाहेर काढता येत नाही मला," ती म्हणाली. घर सोडल्यापासून ती त्याच्याबद्दल अरे-तुरेनंच बोलायची. "पण पोरीला घेऊन तूही जाऊ शकत नाहीस. बस इथंच. मंडळाची माणसं सकाळी निवारा बंद करायला येतायत, त्यांच्या हवाली करते तुला. अनवाणी कसं वाटतं ते बघ जरा."

रबर जळायला लागलं, खोलीभर काळा धूर झाला. नवशिके खोकत उठले. "अहो, वेड लागलंय का बाईला?" बँकवाले ओरडले. वहिनीच्या हातात तापलेली सळी होती, ती थोरल्याकडे सरकली, आणि त्यांना जे दिसायचं तेच दिसलं. एक चवताळलेली बाई आणि एक देवमाणूस. पैलवानानं मागून तिचे दोन्ही दंड आवळले. बँकवाल्यांनी सळी हिसकावली. "सोडा तिला!" मी ओरडलो. "अरे, सोडा!"

थोरल्यानं पाहिलं की ती धरलेली आहे. उठला आणि तिच्या तोंडावर ठोसा मारला.

पुन्हा मारला. तिच्या नाकातून रक्ताची धार पैलवानाच्या मनगटावर आली. त्या पोराचं तोंड उघडं पडलं होतं, पण हात सुटेनात, भीतीनं तसेच आवळलेले राहिले. तिसरा ठोसा पोटात बसला. मी थोरल्याच्या पाठीवर झेप घेतली. त्यानं मला टेबलावर आपटलं, स्टूल उचललं आणि तोंडावर हाणलं. माझे पुढचे दात तेव्हा गेले. मास्तरीणबाई एकसारख्या "थांबा, थांबा" म्हणत होत्या, शाळेत म्हणत असतील तसं.

"हक्क नाही मला?" तो आता गोड बोलत नव्हता. "कोण अडवतो बघतो!"

बाहेरच्या खोलीत जाऊन त्यानं फळीवरचे बूट एकामागून एक पायात घालून पाहिले. त्याची टाच एकातही शिरेना. एक बूट त्यानं दिव्यावर भिरकावला. मग आत येऊन खारूची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिला फरफटत दाराकडे नेलं. पोर जिन्याच्या कठड्याला लटकली तर त्यानं तिच्या बोटांवर लाथ घातली.

"सपातांवर उतरतो!" तो ओरडला. "तुमच्यासारख्या भेकडांना उचलून उचलून उतरवलंय मी!"

आणि दार उघडून गारांमध्ये गेला.

वहिनीनं पैलवानाच्या हाताला चावा घेतला. त्याचा अंगठा तुटता तुटता राहिला. ती धावली, पाव कापायची सुरी टेबलावरून उचलून धावली. मी मागून सपातांवर धावलो आणि उंबऱ्याबाहेर पहिल्याच पावलाला आडवा झालो. दारापुढचा दगडी ओटा गारांनी भरला होता. जमीन नव्हतीच पायाखाली, सगळ्या गोट्याच होत्या. ओट्याच्या पलीकडे पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पलीकडे घळ.

थोरला टाकीपर्यंत गेला असेल. मग त्या होडीएवढ्या पायांनी त्याला दगा दिला. तो बसला, घसरला आणि घळीच्या तोंडाशी कसाबसा आडवा थांबला. वेणी सोडली असती तर त्या हातानं टाकीचा नळ धरता आला असता. सोडली नाही. खारू पाठीवर पडली होती आणि तो खाली ओढत होता तशी ती इंच इंच त्याच्यामागे सरकत होती. किंचाळायलाही तिला श्वास नव्हता.

त्या सगळ्या डोंगरावर त्या घडीला एकाच माणसाच्या पायात बूट होते. वहिनी गारांवरून चालत गेली. धावली नाही. एकेक टाच रोवत गेली. तोंडावरून रक्त हनुवटीवर येत होतं आणि गारा तिच्या डोक्यावर फुटत होत्या.

"वेणी सोड," ती म्हणाली.

"दोघी खाली येताय," तो म्हणाला.

तिनं खारूच्या छातीवर गुडघा रोवला, वेणी मानेजवळ धरली आणि सुरी चालवली. पाव कापायची सुरी ती, दातेरी. दोन-तीनदा ओढावी लागली. शेवटचे केस तुटले आणि थोरला वेणी हातात घेऊन घळीत गेला.

दगड गडगडल्याचा आवाज झाला, मग एक किंकाळी, आणि मग नुसत्या गारा.

आम्ही खारूला ओढत आत आणलं. सगळे भिंतीला चिकटून उभे होते. खाली घळीतून आवाज यायला लागला. तो जिवंत होता, एका धोंड्याला अडकला होता, आणि शिव्या घालत होता. मग शिव्या थांबल्या आणि तो नुसता ओरडायला लागला.

वहिनीनं खुंटीवरचा दोर काढला.

"वहिनी," मी म्हणालो, तोंडात रक्त होतं, शब्द नीट येईनात. "राहू द्या. सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ द्या."

खरं सांगतो, माझा सख्खा भाऊ, आणि मला तो मरायला हवा होता. आजही त्याची मला लाज वाटत नाही.

"माझ्या निवाऱ्याच्या दारात आजवर कुणी मेलं नाही, भावोजी," ती म्हणाली. "ह्याच्यापासून सुरुवात करू होय?" मग नवशिक्यांकडे वळली. "बघत काय उभे राहिलात? बूट घाला! दोर धरा!"

आयुष्यात पहिल्यांदा डोंगरावर आलेल्या त्या माणसांनी दोर धरला. पैलवान सगळ्यात पुढे, चावलेल्या हाताला रुमाल बांधून, रडत. वहिनी घळीत उतरली. थोरल्यानं तिच्या गळ्याला हात घातला तेव्हा मला वाटलं, आता गळा दाबतो. पण तो घाबरलेलं पोर धरतं तसा धरून होता. अंधार पडायच्या आत आम्ही त्याला वर घेतलं. उजवा गुडघा असा फिरला होता की पाऊल मागे बघत होतं. वहिनीनं काठ्या लावून पाय बांधला. हळू बांधला नाही. तो किंचाळला की ती आणखी आवळायची. शेवटी त्याच्या मुठीतली वेणी तिनं एकेक बोट उलगडून काढून घेतली आणि शेगडीत टाकली.

सकाळी मंडळाची माणसं आली. त्यातल्या एकानं, ज्याला हाडांतलं कळतं, गुडघा चाचपला आणि मान हलवली. "हा पाय घरचा जिना चढला तरी पुष्कळ," म्हणाला. थोरल्यानं ते ऐकलं. डोळे मिटून पडून राहिला. जबानी पहिल्यांदा बँकवाल्यांनी दिली. बोलताना त्यांनी वहिनीकडे एकदाही पाहिलं नाही. "मी धरलं होतं त्यांना," पैलवान मधेच म्हणाला. "हेही लिहा." मग थोरल्याला झोळीत बांधून खाली नेला. अनवाणीच होता.

मास्तरीणबाईंनी भीत भीत विचारलं, आता आम्ही काय करायचं, परत जायचं का?

"परत का?" वहिनीचं नाक सुजून केवढं झालं होतं. "आकाश निवळलंय. वरच्या निवाऱ्यावरचा राखणदार सूप चढवून बसला असेल. ही नेईल तुम्हाला."

खारूनं केस कात्रीनं सरळ करून घेतले होते. बोटं सुजलेली, मानेवर सुरीचा ओरखडा. तिनं त्यांच्या सॅका उचलून वजन पाहिलं, एकीतलं काहीतरी काढून दाराबाहेर फेकलं आणि पुढे झाली. तिच्या मागे ती टोळी एका रांगेत निघाली, अगदी हळू. वळणापर्यंत वहिनी दारात उभी राहून बघत होती.

मग आत आली आणि शेगडीसमोर बसली. झोळी वळणापर्यंत पोचवायला घातलेले बूट माझ्या पायातच होते, मीही तसाच जाऊन तिच्याशेजारी बसलो.

"भावोजी," ती म्हणाली, "जरा माझी नाडी सोडता? हात सुजलाय, गाठ सुटत नाही."

मला आधी कळलंच नाही कसली नाडी. कळलं तेव्हा खाली बसलो. गाठ जुनी होती, दगडासारखी झालेली, दातांनी सोडवली असती पण दात होते कुठे? शेवटी सुटली. मी बूट ओढले, मग मोजे. तिचे पाय मी इतक्या वर्षांनी पाहिले. पांढरेफटक, कुठल्याशा दुसऱ्याच माणसाचे वाटावेत असे, आणि तळव्यांवर त्या जुन्या वाटेचे व्रण. मला रडू आलं. तिनं माझ्या डोक्यावर एक टपली मारली.

तिनं सपाता घातल्या आणि उठली. लोकरीवर तिचा पाय ठरेना. खुर्चीला धरत, टेबलाला धरत, ती जिन्यापर्यंत नवशिक्यासारखी चालत गेली.

मी तिचे बूट उचलले, बाहेरच्या खोलीत नेले आणि रिकाम्या फळीवर, बाकीच्यांचे असतात तसे, शेजारी शेजारी ठेवले. परत आत आलो तर एक सपात सणसणत माझ्या कानावरून गेली.

"बूट काढून या आत!" वहिनी जिन्यातून ओरडली. "सगळ्यांना सांगून सांगून दमले, आणि घरचंच माणूस बघा!"